टंकयंत्राकडून रायटरकडे : एका अहवालाचे चार महिने

मराठी टंकलेखनाची ३० आणि ४० शब्द प्रतिमिनिट या दोन्ही गतींची शासकीय प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत आणि लिपिक-टंकलेखक म्हणून केलेल्या नोकरीची पहिली अठरा वर्षे मी टंकयंत्रापुढेच काढली. कार्यालयात संगणक आले त्याच सुमारास माझी बदली आवक-जावक शाखेत झाली. त्यामुळे पडद्यावर मजकूर टंकण्याचे काम इतरांनी केले आणि मी नोंदवह्या सांभाळत निवृत्त झाले. पुढे गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत मला घेतले, तेव्हा वार्षिक अहवाल तयार करण्याचे काम फारशी चर्चा न होता माझ्याकडे आले. ‘‘तुमचा हात बसलेला आहे, तुम्हाला काय अवघड?’’ असे अध्यक्ष म्हणाले आणि मलाही ते खरे वाटले. अहवाल पूर्ण व्हायला चार महिने लागले. त्यांतले प्रत्यक्ष टंकण्यात गेलेले दिवस थोडे होते. बाकीचे बसलेला हात उठवण्यात गेले.

वाचनालयाचा संगणक एका सभासदाने दिलेला आणि जुना आहे. त्यावर उबुंटू ही प्रणाली व तिच्याबरोबर आलेला लिब्रेऑफिस हा संच आहे. त्यातल्या मजकूर लिहिण्याच्या भागाला रायटर म्हणतात. आमचे खजिनदार हिशेबाला पक्के असल्यामुळे त्यांनी सभेत विचारले की हे फुकट कसे आणि उद्या कोणी बिल पाठवले तर कोणत्या खात्यातून द्यायचे. मला उत्तर शोधून आणावे लागले. १९८५ साली जर्मनीत स्थापन झालेल्या स्टार डिव्हिजन या कंपनीने स्टारऑफिस तयार केले, ती कंपनी १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली, २००० मध्ये त्यांनी त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली केली आणि त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. २०१० मध्ये त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळे होऊन लिब्रेऑफिस सुरू केले, आणि आता बर्लिनमधील ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था ते सांभाळते. हे सगळे मी इतिवृत्तात लिहून ठेवले. खजिनदारांचे समाधान झाले की नाही ते सांगता येत नाही, परंतु त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

आमचा ग्रंथपाल तरुण आहे आणि मला काकू म्हणतो. त्याने रायटर उघडून दिले व तो देवघेवीच्या टेबलाकडे निघून गेला. समोर पांढरे पान होते, त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक उभी रेघ लुकलुकत होती आणि त्या पानाच्या चारही बाजूंना माणसांची गर्दी असावी तशी चित्रांची गर्दी होती. टंकयंत्राचे तसे नसते. तिथे रूळ दिसतो, दोन्ही समासांचे खटके दिसतात, ओळ सरकवण्याचा दांडा दिसतो, आणि प्रत्येकाचे काम एकच असते. इथे सर्वांत वर फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, स्टाइल्स, टेबल, फॉर्म, टूल्स, विंडो आणि हेल्प असे अकरा शब्द, त्याखाली चित्रांच्या दोन रांगा, मग मोजपट्टी, उजवीकडे एक उभा कप्पा आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांची एक पट्टी होती.

मी वही घेतली आणि पडद्याचे चित्र काढायला बसले. चित्रावर माउसचा बाण नुसता धरून ठेवला की त्याचे नाव उमटते, एवढे त्याने सांगितले होते. तेवढ्यावर दोन दिवसांत वहीची पाच पाने भरली. ‘‘काकू, एवढं पाठ करायचं नसतं, लागेल तेव्हा शोधायचं,’’ तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर असेलही, पण मला त्या वहीचा पस्तावा नाही. वरच्या शब्दांच्या आत काय आहे आणि चित्रांच्या रांगांत काय आहे हे लिहून काढताना लक्षात आले की चित्रांपैकी बहुतेक गोष्टी त्या अकरा शब्दांच्या आत पुन्हा आहेतच. म्हणजे ही गर्दी दिसते त्याच्या निम्मी आहे. जतन करण्याच्या चित्रात फ्लॉपी होती. ती मी कार्यालयात प्रत्यक्ष हाताळलेली, ग्रंथपालाने मात्र ती चित्राखेरीज कधी पाहिली नव्हती. संपूर्ण पडद्यावर मला त्याच्यापेक्षा जास्त ओळखीची वाटलेली वस्तू तेवढी एकच.

एक आठवडा आम्ही सगळी नावे मराठीत करून पाहिली, कारण लिब्रेऑफिस मराठीतही वापरता येते. तो प्रयोग मीच थांबवला. ग्रंथपालाला काही विचारायचे झाले तर तो इंग्रजी नाव सांगे आणि मी पडद्यावर मराठी नाव शोधत बसे. दोघांपैकी एकाला नवी भाषा शिकणे भाग होते आणि त्याच्याकडे वेळ नव्हता.

कळफलकाचा प्रश्न वेगळा होता आणि तो मी लवकर मिटवेन असे समजत होते. संगणकावर इनस्क्रिप्ट रचना होती. तिच्यात स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे असतात. के या कळीवर क, एच वर प, जे वर र, एल वर त, आणि अक्षराचा पाय मोडण्यासाठी डी. हे समजायला अर्धा तास पुरला, हाताला पटायला तीन आठवडे लागले. टंकयंत्रावर भ, ध, थ, घ यांसारखी कितीतरी अक्षरे आधी अर्धी उमटवून मग काना देऊन पुरी करायची असत, त्यामुळे माझे उजवे बोट प्रत्येक ‘भ’ नंतर काना द्यायला धावे आणि ‘भरती’ची ‘भारती’ होई. त्याहून हट्टी सवय पहिल्या वेलांटीची होती. यंत्रावर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. इथे उच्चाराप्रमाणे क आधी, वेलांटी नंतर. मी वेलांटी आधी दिली की पडद्यावर ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ उमटे आणि त्यावर ती वेलांटी निराधार टेकलेली दिसे. त्या वर्तुळाची मला काही दिवस अक्षरशः भीती बसली होती.

परंतु ‘स्त्री’ हा शब्द प्रथमच सावकाश टंकला तो क्षण अजून आठवतो. स आला, त्याचा पाय मोडला, त आला आणि दोघे जोडले गेले, पुन्हा पाय मोडून र दिल्यावर सगळ्याची आकृतीच बदलली आणि शेवटी वेलांटी येऊन बसली. यंत्रावर आम्ही तुकडे शेजारी शेजारी ठोकत असू. इथे यंत्राला अक्षर कळत होते. खोडतानाही तेच दिसते: ‘की’ च्या मागून बॅकस्पेस दिले तर फक्त वेलांटी जाते आणि क राहतो, पुढून डिलीट दिले तर पूर्ण अक्षर जाते.

पहिला मसुदा मी यंत्रावर केला असता तसाच केला. ओळ संपत आली की घंटा वाजत नाही, म्हणून डोळ्यांनी अंदाज घेऊन प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दिले. मथळा मध्यभागी आणण्यासाठी अक्षरे मोजून, त्यांची निम्मी करून, तितके स्पेस सोडले. नवे पान सुरू करायचे असेल तर पान संपेपर्यंत एंटर देत गेले. प्रत्येक पानाच्या तळाशी मध्यावर पृष्ठक्रमांक हाताने घातला. जमाखर्चाचे स्तंभ स्पेस देऊन एकाखाली एक आणले, आणि ते काही केल्या नीट येईनात. यंत्रावर र ला आणि म ला सारखीच जागा मिळते, म्हणून मोजून स्पेस दिले की आकडे सरळ रेषेत येतात. इथल्या अक्षरवळणात म रुंद आणि र अरुंद, त्यामुळे ‘वर्गणी’ आणि ‘किरकोळ’ यांच्यापुढचे आकडे एकाच ठिकाणी येणार कसे? मी एकेक स्पेस कमीजास्त करून ते कसेबसे जुळवले. छापल्यावर अकरा पाने झाली आणि मला ती फार सुंदर दिसली.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पहिल्या पानावर देणगीदारांच्या उल्लेखाची दोन वाक्ये घालायला सांगितली.

ती दोन वाक्ये घातल्यावर जे झाले ते ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे कठीण आहे. पहिल्या परिच्छेदातील प्रत्येक ओळ मध्येच तुटून दोन-तीन शब्द खालच्या ओळीवर एकटे पडले. ‘ग्रंथखरेदी’ हा मथळा नव्या पानाच्या माथ्यावरून निसटून तिसऱ्या ओळीवर आला. हाताने घातलेले पृष्ठक्रमांक खाली सरकून पुढच्या पानांच्या मजकुरात जाऊन बसले. ‘वाचनालयाची एकूण ग्रंथसंख्या’ या ओळीनंतर एका ओळीत नुसता ४ होता, आणि आमची ग्रंथसंख्या चार असल्याचा समज कोणाचाही झाला असता. यंत्रावर असे झाले तर ते पान नव्याने टंकायचे असते, कार्बन लावून चार प्रतींत. मी त्याच तयारीला लागले होते.

ग्रंथपालाने तेव्हा एकच गोष्ट केली. त्याने कंट्रोल आणि एफ१० या कळा एकत्र दाबल्या. पानभर ठिपके उमटले. प्रत्येक स्पेसच्या जागी एक ठिपका, प्रत्येक एंटरच्या जागी उलट्या इंग्रजी पी सारखे एक चिन्ह. माझ्या मध्यभागी आणलेल्या मथळ्याच्या आधी ठिपक्यांची लांबलचक माळ होती आणि कोऱ्या दिसणाऱ्या अर्ध्या पानावर तीच चिन्हे एकाखाली एक, शाळेच्या रांगेसारखी उभी होती. ‘‘काकू, हे सगळं तुम्ही लिहिलेलं आहे,’’ तो म्हणाला.

मला हे खरोखर माहीत नव्हते. कागदावर कोरी जागा म्हणजे जिथे काही उमटवलेले नाही ती जागा. इथे कोरी जागासुद्धा टंकलेली असते आणि मजकुराबरोबर सरकते. मी यंत्राला ‘हा मथळा आहे’, ‘इथे परिच्छेद संपला’, ‘इथून नवे पान’ असे काहीच सांगितले नव्हते. तसे दिसेल असे फक्त जुळवून आणले होते. त्या दिवसापासून माझे ते ठिपके कायम सुरू असतात. अनेकांना ते डोळ्यांना त्रासदायक वाटतात आणि ते लगेच बंद करतात. माझ्या मते नवशिक्याने पडद्यावरच्या सर्व चित्रांपैकी हे एक आधी शिकावे, ठळक आणि तिरपे अक्षर नंतर.

मग एकेक सवय मोडायला घेतली. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. परिच्छेदाच्या आतच ओळ तोडायची असेल, जसे पत्त्यात असते, तर शिफ्ट आणि एंटर. नवे पान हवे तर कंट्रोल आणि एंटर. पृष्ठक्रमांक फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळाशी राखलेल्या पट्टीत, एकदाच घालायचा, आणि तो आकडा म्हणून टंकायचा नाही तर इन्सर्टमधून घालायचा, म्हणजे प्रत्येक पान आपला क्रमांक स्वतः मोजते. जमाखर्चासाठी टेबल घेतले. इथे मात्र यंत्रावरच्या टॅबच्या सवयीने मला पहिल्यांदा मदत केली, कारण टॅबची कळ दाबली की चौकटीतून पुढच्या चौकटीत जाता येते आणि शेवटच्या चौकटीत ती दाबली की खाली नवी ओळ तयार होते.

मथळ्यांचा भाग सर्वांत उपयोगी आणि सर्वांत चिडवणारा निघाला. मथळ्याच्या ओळीवर जाऊन कंट्रोल आणि १ दाबले की ती ओळ ‘हेडिंग १’ होते. म्हणजे आता रायटरला माहीत असते की हा मथळा आहे. एफ५ दाबल्यावर उघडणाऱ्या नेव्हिगेटरमध्ये सर्व मथळ्यांची यादी येते, त्यावर टिचकी मारून त्या जागी जाता येते आणि तयार अनुक्रमणिकाही त्यातूनच मिळते. हेडिंगचे रूप एकदा बदलले की अहवालातले सगळे मथळे एकदम बदलतात, असेही त्याने सांगितले होते. मी एफ११ ने उजवीकडे स्टाइल्सचा कप्पा उघडला, हेडिंग १ मध्ये जाऊन अक्षराचा आकार वाढवला, आणि काहीही बदलले नाही. पुन्हा वाढवला. पुन्हा काही नाही. ग्रंथपालही चक्रावला, कारण त्याचे बरेचसे काम इंग्रजीत असते आणि त्याला हे कधी आडवे आले नव्हते.

कारण दोन दिवसांनी सापडले. रायटरमध्ये लॅटिन लिपीचे अक्षरवळण वेगळे आणि देवनागरी, उर्दू यांसारख्या लिप्यांचे वेगळे असते. या दुसऱ्या गटाला ते ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतात. स्टाइलमध्ये दोघांसाठी स्वतंत्र जागा आहेत आणि मी दर वेळी वेस्टर्नच्या, म्हणजे लॅटिन लिपीच्या, जागेत आकार वाढवत होते, म्हणजे अहवालात नसलेले इंग्रजी मथळे मोठे करत होते. देवनागरीच्या जागेत आकडा बदलताच सगळे मथळे एका क्षणात मोठे झाले. मराठीत लिहिणाऱ्याने टूल्समधील ऑप्शन्समध्ये जाऊन भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स लिपीची खूण आहे का आणि तिथे मराठी निवडलेली आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे. माझ्या वेळी तिथे हिंदी होती.

ही हिंदी मला आणखी एका मार्गाने भेटली. ‘आहे’, ‘आणि’, ‘झाले’ अशा शब्दांखालीही तांबडी नागमोडी रेघ येई, आणि चाळीसच्या गतीचे प्रमाणपत्र असलेल्या बाईला ते जिव्हारी लागणारे होते. तळाच्या पट्टीकडे मी तोवर लक्ष दिले नव्हते. तिथे पानांची संख्या, शब्दांची संख्या आणि मजकुराची भाषा लिहिलेली असते. भाषेच्या जागी हिंदी होते, म्हणजे माझे मराठी हिंदीच्या शब्दकोशाने तपासले जात होते. त्या शब्दावर टिचकी मारून मराठी केले आणि सगळ्या रेघा नाहीशा झाल्या. मला झालेला आनंद एक दिवस टिकला. त्या संगणकावर मराठीचा शब्दकोश बसवलेलाच नसल्यामुळे तपासणीच थांबली होती. ‘वार्षीक’ असे लिहिले तरी कोणी हटकत नव्हते. अखेर मुद्रिते कागदावर काढून लाल पेनानेच तपासली.

किरकोळ अपघात बरेच झाले. शीर्षकाखाली रेघ मारण्यासाठी यंत्रावरच्यासारखी तीन-चार संयोगचिन्हे देऊन एंटर दिले, तर त्यांची पानभर लांब अखंड रेघ झाली आणि ती काही केल्या खोडता येईना. ती अक्षरांची रेघ नसून वरच्या परिच्छेदाची किनार होती आणि किनार परिच्छेदाच्या फॉरमॅटमधून काढावी लागते. एकदा चुकून इन्सर्टची कळ दाबली गेली आणि मी लिहू लागले की पुढची अक्षरे गिळली जाऊ लागली. तेव्हाही तळाच्या पट्टीवर ‘ओव्हरराइट’ असे लिहिलेले होते. वाचायला कोणी नव्हते. एका संध्याकाळी वीज गेली, पण पुन्हा सुरू केल्यावर रायटरने स्वतःहून विचारले की अर्धवट राहिलेला अहवाल परत हवा का. शेवटची काही वाक्ये गेली होती, बाकी सगळे होते.

कंट्रोल आणि झेड यांबद्दल मात्र माझे मत अजून पुरते ठरलेले नाही. टंकलेखनाच्या परीक्षेत चुकीला गुण कापत, त्यामुळे बोट उतरण्याआधी अक्षर डोक्यात पक्के करायची शिस्त लागली होती. इथे चूक मागे घेता येते, पुन्हा मागे घेता येते, आणि माझ्या चुका वाढल्या आहेत हे मी पाहते आहे.

अहवाल पूर्ण झाला तो सर्वसाधारण सभेच्या नऊ दिवस आधी. छापखान्यात फाइल दिली तर त्यांच्या जुन्या फॉन्टच्या व्यवस्थेत आमची युनिकोडमधली, म्हणजे आजच्या सर्वमान्य संकेतपद्धतीतली, अक्षरे उघडेनात आणि त्यांनी सगळे पुन्हा टंकण्याचे वेगळे पैसे सांगितले. ग्रंथपालाने चित्रांच्या वरच्या रांगेतले पीडीएफचे चित्र दाखवले. माझ्या वहीत ते तिसऱ्या पानावर होते, नावासह. उपयोग लिहिलेला नव्हता. पीडीएफ जशीच्या तशी छापली गेली. सभेच्या आदल्या आठवड्यात एका जुन्या सभासदाचे निधन झाले होते, म्हणून छपाईला जाण्यापूर्वी पहिल्याच पानावर श्रद्धांजलीचा परिच्छेद घालावा लागला. मी तो टंकला, मजकूर खाली सरकला, पृष्ठक्रमांक आपापल्या जागी राहिले, अनुक्रमणिकेवर उजवी टिचकी मारून ती ताजी करून घेतली, आणि घरी गेले.

छायाचित्रे अजून मला जमत नाहीत. चित्र परिच्छेदाला बांधायचे की पानाला, यात माझा गोंधळ होतो आणि वाचन प्रेरणा दिनाचा फोटो ग्रंथखरेदीच्या मजकुरात जाऊन बसतो. ते काम मी ग्रंथपालाकडे दिले आहे.

यंदाच्या अहवालासाठी गेल्या आठवड्यात जुन्या फाइली चाळताना माझा तो पहिला, अकरा पानांचा मसुदा सापडला. ठिपके सुरूच होते, त्यामुळे तो उघडताच सगळे दिसले. मुखपृष्ठावरील वाचनालयाच्या नावाआधीचे ठिपके मोजले, ते एकतीस भरले. नाव तरीही थोडे डावीकडेच होते. फाइल पुसून टाकण्याऐवजी मी ती सुधारायला घेतली आहे. तीन पाने झाली, जमाखर्च अजून राहिला आहे.